शंका-समाधान: लिहिण्यापुरता छोटा लॅपटॉप

छोट्या, स्वस्त लॅपटॉपविषयी बरीच पत्रं साठली होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. दिवाळी अंकांसाठी लेख लिहितो, ईमेल करतो, थोडं वाचतो. पंधरा-अठरा हजारांच्या वर जायचं नाही. दुकानदार 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवणुकीचा कोरा लॅपटॉप दाखवतोय. पुतण्या म्हणतो, काका, जुना ऑफिसचा घ्या. कोणाचं ऐकू? — एक वाचक, सातारा

उत्तर: पुतण्याचं ऐका. या कोऱ्या लॅपटॉपांत 64 जीबीची जी साठवणूक असते ती बहुतेक वेळा ईएमएमसी प्रकारची, म्हणजे थेट बोर्डावर डाख लावून बसवलेली चिप असते. रॅमही तशीच. पुढे कमी पडली म्हणून बदलता येत नाही, बिघडली तर अख्खा बोर्डच बदलावा लागतो. शिवाय विंडोज आणि त्याचे अपडेट यांतच 64 जीबीतला मोठा वाटा जातो. काही महिन्यांत "जागा अपुरी" असा निरोप येतो, अपडेट अडकतात आणि नवाकोरा लॅपटॉप रांगायला लागतो.

ऑफिसांतून निघालेले 12.5 इंची लॅपटॉप वेगळ्या घडणीचे असतात. तळाचे स्क्रू काढले की रॅम, डिस्क, बॅटरी, पंखा सगळं हाताशी येतं, आणि सुटे भागही मिळतात. तुमच्या कामाला पुढच्यांपैकी कोणताही चालेल: थिंकपॅड एक्स 250, एक्स 260 किंवा एक्स 270, एचपी एलिटबुक 820 जी 3, डेल लॅटिट्यूड 7280. प्रोसेसर आय 5, रॅम 8 जीबी, डिस्क 240 किंवा 256 जीबीची एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपांची वेगवान डिस्क), एवढं मागा. आय 7 साठी जास्तीचे पैसे मोजू नका. लेख लिहिताना फरक कळणार नाही. ते पैसे पडद्यावर घाला. हीच मॉडेलं 1366 बाय 768 च्या फिकट पडद्यातही येतात आणि 1920 बाय 1080 च्या आयपीएस (कोणत्याही कोनातून स्पष्ट दिसणाऱ्या) पडद्यातही. रोज तीन तास देवनागरी वाचायची असेल तर दुसराच घ्यावा. जोडाक्षरांच्या बारीक गाठी पहिल्यावर चिकटलेल्या दिसतात.

रॅमबाबत दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक्स 250 मध्ये रॅमचा एकच खाचा आहे आणि त्यात 1.35 व्होल्टची डीडीआर 3 एल लागते. दुकानातली साधी 1.5 व्होल्टची डीडीआर 3 त्यात बसते, पण चालत नाही. दुसरं म्हणजे एक्स 280 हा नंबरात पुढचा असला तरी त्याची रॅम बोर्डावर पक्की आहे. 4 जीबीचा एक्स 280 कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

विंडोजचं म्हणाल तर विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. वर दिलेली मॉडेलं पाचव्या ते सातव्या पिढीतली. दुकानदार त्यांच्यावर आडमार्गाने विंडोज 11 घालून देतात, पण पुढचे मोठे अपडेट नीट येतील याची हमी कोणी देत नाही. आमचा सल्ला सरळ आहे: विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली घाला. मिंट 22 ला 2029 पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. 8 जीबी रॅम असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती, 4 जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. टॅली किंवा एखादं खास विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र आठव्या पिढीचा लॅटिट्यूड 7290 शोधा.

प्रश्न: लॅमिंग्टन रोडवर जाऊन लॅपटॉप घ्यायचा विचार आहे. दुकानात उभ्या-उभ्या काय तपासायचं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: घरून निघताना मिंट टाकलेला पेनड्राइव्ह खिशात ठेवा (तो कसा करायचा ते जळगावच्या उत्तरात आहे). तो लावून लॅपटॉप सुरू केला की आतल्या डिस्कला हात न लावता मिंट चालतं, आणि वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड हे सगळं जागेवर तपासता येतं. पेनड्राइव्ह लावू न देणाऱ्या दुकानातून मुकाट्याने बाहेर पडावं.

पण सगळ्यात आधी बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणारं लॅपटॉपच्या सेटिंग्जचं पान, उघडा. थिंकपॅडवर सुरू होताना एफ 1, डेलवर एफ 2, एचपीवर एफ 10. पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढून तो जात नाही, दुकानदार काहीही म्हणो. बायॉसमध्येच सिक्युरिटीखाली कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट अशी नोंद असते. ती "ॲक्टिव्हेटेड" दिसली तर लॅपटॉप अजून जुन्या कंपनीच्या पाळतीवर आहे. विंडोज ठेवणार असाल तर ते दुकानातच रीसेट करून नव्याने सुरू करायला लावा. इंटरनेट जोडल्यावर एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितलं, तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या नोंदीतून निघालेला नाही.

मग डिस्क. मिंटच्या मेन्यूत "डिस्क्स" नावाचं साधन आहे. त्यात डिस्क निवडा आणि उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, उघडा. "रीॲलोकेटेड सेक्टर", म्हणजे खराब निघाल्याने बाजूला काढलेल्या जागा, शून्य हव्यात. किती तास चालली तेही तिथेच दिसतं. तास जास्त असले म्हणून एसएसडी वाईट ठरत नाही, पण रीॲलोकेटेड आकडा चढलेला असेल तर नवी एसएसडी बसवून मागा.

बॅटरीसाठी, लॅपटॉपवर विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी" असे दोन आकडे येतात. पहिला 23,200 आणि दुसरा 16,000 असेल तर बॅटरीत 69 टक्के जीव उरलाय, चालेल. 60 च्या खाली असेल तर भाव पाडा. एक्स 250 ते एक्स 270 या थिंकपॅडांना दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे. मागची चालू लॅपटॉपमधून काढून दुसरी लावता येते, आतली तेवढा वेळ धरून ठेवते. म्हणून दोन्हींचे आकडे पाहा. मागची नवी आणि आतली मेलेली अशी जोडी बरेचदा गळ्यात मारतात.

चार्जर हातात घेऊन पाहा. डेलच्या गोल पिनेच्या मध्ये एक बारीक सुई असते. ती चार्जरची ओळख लॅपटॉपला सांगते. नकली चार्जर असला किंवा सुई वाकली असली की "ॲडॉप्टर ओळखता येत नाही" अशा अर्थाचा निरोप येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम संथ चालतो. लोक मग व्हायरस शोधत बसतात.

शेवटी कीबोर्ड. कोरी फाइल उघडून प्रत्येक कळ शिफ्टसकट दाबा. अर्ध-विराम, अवतरणचिन्ह आणि चौकोनी कंस यांच्या कळा विसरू नका. इंग्रजीत त्या कमी लागतात, पण मराठीच्या इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत च, ट आणि ड तिथेच बसतात.

प्रश्न: डेल लॅटिट्यूडवर मिंट घालतोय. पेनड्राइव्ह लावला तरी विंडोजच उघडतं. एकदा कसाबसा इन्स्टॉलर सुरू झाला, तर त्याला डिस्कच दिसेना. — एक वाचक, जळगाव

उत्तर: दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली: उतरवून घेतलेली मिंटची आयएसओ फाइल (अख्खी डिस्क एका फाइलमध्ये) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली असेल तर त्यावरून लॅपटॉप सुरू होणार नाही. विंडोजमध्ये रुफस हे मोफत साधन घ्या, 8 जीबीचा पेनड्राइव्ह निवडा आणि आयएसओ त्यावर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लिहिण्याआधी रुफसमध्येच फाइलचा शा-256 आकडा (जणू फाइलचा अंगठ्याचा ठसा) काढून मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून घ्या. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलेशनच्या मध्यावर दगा देते आणि दोष डिस्कवर जातो. मग शट डाउन नको, रीस्टार्ट करा, आणि डेलचा लोगो दिसताच एफ 12 टपटप दाबत राहा. विंडोजचा फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन पूर्ण होत नाही, म्हणून रीस्टार्ट.

दुसरी: डेलमध्ये डिस्कची सेटिंग बहुधा "रेड ऑन" अशी येते, आणि मग इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. बायॉसमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशनखाली साटा ऑपरेशन शोधा आणि ते एएचसीआय करा. डिस्क दिसायला लागेल. मात्र हे बदलल्यावर जुनं विंडोज सुरू होत नाही. ते पुसायचंच असेल तर चिंता नाही. ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये सेफ मोड (किमान सोयींसह सुरू होण्याची अवस्था) लावा, मग बायॉस बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि मग सेफ मोड काढा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू आहे का ते त्याहून आधी बघा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायॉसमध्ये हात घातल्यावर ती मागितली जाण्याची पुरेपूर शक्यता असते.

प्रश्न: मिंटवर मराठी कसं लिहायचं? फोनवर मी इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी करते. लॅपटॉपवर "दऱ्या" लिहायला गेले की "दर्या" होतं. शिवाय लिब्रेऑफिसमध्ये ठरवलेला फाँट मराठी मजकुराला लागतच नाही. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्डखाली लेआउट्समध्ये जा आणि अधिकचं चिन्ह दाबून यादीतून मराठी निवडा. दोन पर्याय दिसतील: एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक. कगपमध्ये इंग्रजी कळेच्या उच्चाराजवळचं अक्षर येतं, के म्हणजे क आणि शिफ्टसह के म्हणजे ख. दोन दिवसांत हात बसतो. पण महिन्याला चार-पाच लेख लिहिणार असाल तर इन्स्क्रिप्टच शिका. त्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. अल्पप्राणावर शिफ्ट दाबलं की महाप्राण: के वर क-ख, आय वर ग-घ, एल वर त-थ. "मराठी" हा शब्द असा: सी, जे, ई, मग शिफ्टसह अवतरणचिन्हाची कळ, मग आर. रोज वीस मिनिटं बसलात तर पहिल्या आठवड्यात वैताग येईल, महिन्याभरात कळांकडे बघणं सुटेल.

आता तुमची "दऱ्या". साधा र, हलन्त आणि य दाबला की रफार होऊन "दर्या" होतो, म्हणजे समुद्र. डोंगरातल्या दऱ्यांना नुक्ता असलेला ऱ लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट आणि जे वर आहे. म्हणून ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. "सुऱ्या", "तऱ्हा", "वाऱ्यावर" सगळीकडे हीच युक्ती. ळ आहे शिफ्ट आणि एन वर.

फोनेटिकमध्येही भागत नसेल आणि फोनसारखंच रोमनमध्ये लिहून मराठी हवं असेल, तर मिंटच्या इनपुट मेथड या साधनातून आयबस आणि त्यासोबत एम17एन हा संच बसवा. त्यात मराठीसाठी आयट्रान्स पद्धत मिळते. फोनसारखे शब्द सुचवत मात्र ती बसत नाही.

लिब्रेऑफिसचं दुखणं वेगळं आहे. ते रोमन मजकूर आणि देवनागरी मजकूर यांचे फाँट स्वतंत्र ठेवतं, आकारसुद्धा. टूल्समधून ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेस अँड लोकेल्स, आणि त्यात "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" (देवनागरी यात मोडते) वर खूण करा. भाषा मराठी ठेवा. हिंदी नको. त्यानंतर एफ 11 दाबून शैलींची यादी उघडा, डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर उजवी टिचकी मारून एडिट करा. फाँटच्या पानावर आता पाश्चात्त्य आणि कॉम्प्लेक्स असे दोन भाग दिसतील. कॉम्प्लेक्सच्या भागात हवा तो फाँट आणि 14 चा आकार ठेवा. हे एकदाच करायचं. दर वेळी मजकूर निवडून फाँट बदलत बसू नका.

भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक फायदा. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, आणि फाँटमध्ये दोन्ही रूपं असली तर भाषेची खूण पाहून मराठी रूप उमटतं. ती कटकटच नको असेल तर तिरो देवनागरी मराठी हा मोफत फाँट घ्या. त्यात मूळ वळणच मराठी आहे, आणि पुस्तकी मजकुराला तो देखणा दिसतो.

टर्मिनलच्या खिडकीत चालणाऱ्या एडिटरांत मराठी लिहायला जाऊ नका. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन असतो, त्यामुळे वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. फाइल खराब होत नाही, फक्त वाचवत नाही. कोऱ्या पडद्यावर नुसतं लिहायचं असेल तर फोकसरायटर चांगला.

प्रश्न: माझे जुने लेख श्री-लिपीत आहेत. लिनक्सवर उघडले की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. — एक वाचक, नांदेड

उत्तर: तो कचरा नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट नसला की मूळ जागा उघड्या पडतात. लेख परिवर्तकाने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र जागा देणाऱ्या पद्धतीत, आणावे लागतील. नेमका कोणत्या फाँटमध्ये लेख आहे ते आधी पाहा, कारण कृतिदेव या दुसऱ्या जुन्या फाँटचा तक्ता श्री-लिपीला लागू पडत नाही. एकच पान बदलून बघा: ऱ्हस्व वेलांटी योग्य अक्षरावर आहे का, रफार सरकलाय का, ळ आणि क्ष शाबूत आहेत का. पटलं तर बाकीचं करा. मूळ फाइली कधीही पुसू नका. छापील कात्रणंच उरली असतील तर 300 डीपीआयवर स्कॅन करून टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन चालवा, त्याचा मराठी संच मिंटच्या भांडारात आहे. हस्तलिखितावर तो चालत नाही.

प्रश्न: मुलासाठी आर्डुइनो उनो आणि नॅनो हे प्रयोगांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणले, दोन्ही स्वस्तातले. लॅपटॉपवर पोर्टच दिसत नाही. एकदा दिसला तर "परवानगी नाही" आलं. नॅनोवर तर प्रोग्रॅम चढतच नाही. — एक वाचक, पुणे

उत्तर: आधी केबल बदला. ब्लूटूथ स्पीकर आणि ट्रिमरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींत फक्त विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून केबलवर संशय जात नाही.

केबल चांगली असूनही पोर्ट येऊन लगेच गायब होत असेल, आणि मिंट 21 असेल, तर दोष बीआरएलटीटीवाय या पॅकेजचा. ते ब्रेल डिस्प्लेसाठी असतं, पण स्वस्त बोर्डांवरची सीएच 340 ही चिप पाहून तिलाच ब्रेलचं यंत्र समजून ताब्यात घेतं. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ते काढून टाका.

परवानगीसाठी यूजर्स अँड ग्रुप्स उघडा, मुलाच्या खात्याच्या गटांमध्ये "डायलआउट" वर खूण करा. त्यानंतर लॉग आउट करून परत आत या. नुसती खिडकी बंद करून उपयोग नाही, गटाची नोंद लॉगिनच्या वेळीच वाचली जाते. इथेच बहुतेक जण अडतात.

नॅनोसाठी आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या टूल्समध्ये प्रोसेसरखाली "एटीमेगा 328पी (ओल्ड बूटलोडर)" निवडा. स्वस्त नॅनोंवर जुना बूटलोडर (बोर्डावरचा, प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) असतो आणि तो संथ गतीने बोलतो. नव्या गतीने हाक मारली की "नॉट इन सिंक" असं दहा वेळा येतं.

एक सूचना. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलिअँपिअरसाठी बनलेला असतो. एलईडी, सेन्सर, छोटा डिस्प्ले ठीक. पण सर्व्हो किंवा मोटर लॅपटॉपच्या जिवावर फिरवू नका. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज बसतं आणि बोर्ड परत-परत रीसेट होतो. मोटरला वेगळी 5 व्होल्टची वीज द्या आणि दोन्हींचे ग्राउंड जोडा. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती 4 जीबी रॅमवर जड जाते. तशा लॅपटॉपवर 1.8.19 घाला.

प्रश्न: चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात. — एक वाचक, चिपळूण

उत्तर: तीन पिनांचा चार्जर असून असं होत असेल तर घरच्या सॉकेटला अर्थिंग नाही. चार्जरमधल्या गाळणीतून अगदी थोडा करंट सुटतो, तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवा. वाट नसली की धातूच्या कडेवर येतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रश्न: लॅपटॉप दिवसभर चार्जिंगलाच असतो. बॅटरी खराब होईल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर: 100 टक्क्यांवर तापत राहिली तर लवकर म्हातारी होते. डेलच्या बायॉसमध्ये पॉवर मॅनेजमेंटखाली बॅटरी चार्ज कॉन्फिगरेशन आहे. कस्टम निवडून सुरुवात 50, शेवट 80 ठेवा. थिंकपॅडवर मिंटमध्ये टीएलपी ही वीज सांभाळणारी प्रणाली बसवून तिच्या फाइलमध्ये सुरुवात 75, शेवट 80. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्हींसाठी लिहा. प्रवासाच्या आदल्या रात्री पूर्ण भरून घ्या.

प्रश्न: मिंटमध्ये टाइमशिफ्ट चालू आहे. म्हणजे माझ्या कादंबरीचा बॅकअप होतोय ना? — एक वाचक, गोरेगाव

उत्तर: नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. टाइमशिफ्ट मिंटची यंत्रणा जपतं. अपडेटनंतर काही मोडलं तर तिला मागच्या तारखेला नेतं. तुमच्या होम फोल्डरला ते मुळात हातच लावत नाही, आणि त्याच्या प्रती बहुधा त्याच डिस्कवर असतात.

कादंबरीसाठी लिब्रेऑफिसमध्ये ऑप्शन्समधल्या लोड-सेव्हखाली ऑटोरिकव्हरी 3 मिनिटांवर आणा आणि "कायम बॅकअप प्रत ठेवा" अशा अर्थाच्या पर्यायावर खूण करा. त्याने आधी सेव्ह केलेली अवस्था वेगळ्या फाइलमध्ये राहते. चुकून एखादं प्रकरण पुसून सेव्ह केलंत तर तीच कामी येते. मात्र पुन्हा सेव्ह करण्याआधी ती उचला, नाहीतर तिच्यावरही पुसलेलीच प्रत बसते.

त्यानंतर लेखनाचा फोल्डर सिंकथिंग या दोन यंत्रांतले फोल्डर सारखे ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने फोनशी जोडा. मात्र सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. फोनच्या बाजूने त्या फोल्डरला फाइल व्हर्जनिंग चालू केलं तर पुसलेल्या प्रतीही काही दिवस राहतात. आणि आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर त्या दिवसाच्या तारखेचा नवा फोल्डर करून सगळं उतरवा, जुन्यावर नवं लिहू नका. मजकुराच्या फाइली एवढ्या लहान असतात की 16 जीबीचा पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं पुरेल. उतरवून झालं की "इजेक्ट" करून "आता काढा" असा निरोप येईपर्यंत थांबा. लिनक्स लिहिणं मागून पूर्ण करतं, घाईने ओढलेल्या पेनड्राइव्हवर शून्य बाइटची फाइल मिळते. महिन्यातून एकदा त्यातलं कोणतंही एक प्रकरण दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून शेवटच्या पानापर्यंत सरकवून पाहा.